रानफुलें पाहण्याचा अधिकार

श्रावण सरून भाद्रपद लागला, कीं आमच्या देवळाली कॅम्पांत एक नवी यात्रा सुरू होते. ही यात्रा कोणत्याहि पंचांगांत दिलेली नाहीं, आणि तिला देवहि नाहीं. रविवारच्या पहाटे दहापंधरा माणसें पाठीवर पिशव्या, पायांत चिखलाचे बूट आणि गळ्यांत भिंगें अडकवून एखाद्या मोटारीची वाट पाहत उभीं असतात. त्यांच्याबरोबर वनस्पतिशास्त्र शिकलेला एक वाटाड्या असतो. तो त्यांना अंजनेरीच्या डोंगरावर नेतो. कांहीं मंडळी याहून लांब, साताऱ्याजवळच्या कासच्या पठारापर्यंत जातात. हेतु एकच, कीं बागेंत लावलेलीं नव्हेत, तर आपल्या आपण उगवलेलीं फुलें जेथल्या तेथें पाहावीं. विलायती पलटणींच्या मुक्कामासाठीं वसलेल्या आणि पुढें हवा खाण्यासाठीं येणाऱ्यांच्या आरोग्यभुवनांनीं भरलेल्या या गांवांत हा छंद आतां चांगलाच रुजला आहे. आमचे विद्यार्थी जातात, शेजारी जातात, पेन्शनर स्नेही जातात, आणि आम्हीहि अनेकदां गेलों आहों.

हा छंद निरुपद्रवी आहे, इतकेंच नव्हे तर स्तुत्य आहे, असें कोणीहि म्हणेल. परंतु थोडा विचार केला असतां त्याच्या पोटीं एक अवघड प्रश्न दडलेला दिसतो. जी वस्तु दुर्मिळ आहे, नाजूक आहे, आणि पाहणाऱ्यांच्या पायांनींच जिचा नाश होण्याचा संभव आहे, ती पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? आणि असला, तर तो कोणाला, किती, आणि कशाच्या बळावर? या प्रश्नाचा थोडा ऊहापोह प्रस्तुत लेखांत करावा, असा आमचा मानस आहे.

प्रथम, फूल पाहण्यासाठीं डोंगर चढण्याची गरजच काय, अशी शंका कोणी घेईल. श्रीनगर येथें लोकांस खुल्या झालेल्या बागेंत ट्यूलिपचीं लाखों फुलें एका वेळीं फुलतात, आणि महाराष्ट्रांतील कितीतरी कुटुंबें तें दृश्य पाहून तृप्त होऊन येतात. तें दृश्य सुंदर आहे यांत शंका नाहीं. परंतु ट्यूलिप ही कांहीं बागेची लेक नव्हे. तिचें माहेर मध्य आशियांतील तिएन शान पर्वताच्या परिसरांत. तेथें हिवाळा हाडें गोठविणारा, वसंत ओला पण थोड्या दिवसांचा, आणि उन्हाळा कोरडा करपलेला. अशा ऋतूंच्या कात्रींत सांपडलेल्या वनस्पतीनें वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखालीं कंदाच्या रूपानें काढावयाचा, आणि मिळालेल्या चार आठवड्यांत पान, फूल, बीं हा सारा संसार उरकावयाचा, अशी युक्ति योजिली. बीं रुजल्यापासून पहिलें फूल येण्यास तिला पांच ते सात वर्षें लागतात. पुढें ती तुर्कस्तानांतून युरोपांत गेली. १५९३ सालीं क्लूसियस नांवाच्या पंडितानें लायडनच्या उद्यानाची धुरा हातीं घेतली आणि हॉलंडांत तिचें नशीब उघडलें. आणि १६३७ सालीं तिच्या कंदांचा सट्टा कोसळून अनेकांचें नशीब बंद झालें. माणसानें या फुलाचें काय काय केलें याची ही हकीकत झाली. फूल मुळांत काय आहे, हें मात्र तींत कोठेंच आलें नाहीं.

कझाकस्तानांत अक्सू-झाबागली नांवाचें अरण्य १९२६ सालापासून राखून ठेवलेलें आहे. तेथें आजहि जाणत्या वाटाड्याबरोबर लोक जातात, आणि दगडांच्या आडोशाला उगवलेलीं बुटकीं, विखुरलेलीं रानट्यूलिप पाहून येतात. बागेंतल्या रांगा पाहिलेल्या माणसाला तें फूल प्रथम दरिद्रीच वाटावें. परंतु तें फूल असें कां आहे, याचें कारण त्याच्या चहूंबाजूंस पसरलेलें असतें. तो बर्फ, तो खडक, तो जवळ येऊन ठेपलेला उन्हाळा, हा प्रश्न. आणि तें फूल हें त्याचें उत्तर. बागेंत आपल्याला नुसतें उत्तर दिसतें, प्रश्न दिसत नाहीं. आणि शिक्षकाच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याला हें ठाऊक आहे, कीं प्रश्न न कळतां पाठ केलेलें उत्तर म्हणजे ज्ञान नव्हे.

आतां इतक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्यानें सुमारें २० किलोमीटर गेलें म्हणजे अंजनेरीचा डोंगर लागतो. भाविकांना तो हनुमंताचें जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे, आणि गिधाडांना त्याचे कडे आपलीं घरटीं म्हणून ठाऊक आहेत. या शतकाच्या पहिल्या दशकांत येथील कंदीलपुष्पाच्या एका जातीचें शास्त्रज्ञांनीं प्रथमच वर्णन केलें, आणि तिला डोंगराचेंच नांव दिलें. २०१७ सालीं सरकारनें येथील ५.६९ चौरस किलोमीटर क्षेत्र संरक्षणासाठीं राखीव म्हणून जाहीर केलें. कंदीलपुष्पाची रचना मोठी नवलाची असते. तळाशीं फुगीर, मध्यें अरुंद नळी, आणि वर जाळीदार कंदिलासारखें तोंड. बारीक माशा या तोंडांतून आंत शिरतात. नळींतील केस आंतल्या बाजूस वळलेले असल्यामुळें माशीला आंत जातां येतें, बाहेर येतां येत नाहीं. कांहीं काळानें ते केस सुकून मऊ पडतात, फुलाचा दरवाजा उघडतो, आणि परागांचा भार घेऊन माशी दुसऱ्या फुलाकडे जाते. हा सारा व्यवहार फुलाचा आणि माशीचा आहे. त्यांत मनुष्याला कोठेंहि जागा नाहीं. बागेंतलें फूल आमच्यासाठीं लावलेलें असतें, म्हणून तेथें आम्ही यजमान. डोंगरावरचें फूल आमच्यासाठीं उमललेलें नसतें; तेथें आम्ही पाहुणे, आणि तेहि आमंत्रणावांचून आलेले. एवढी एक गोष्ट मनावर ठसली, तरी डोंगर चढण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजतों.

परंतु पाहुणे चार आले तर घराला शोभा येते. हजार आले म्हणजे घराचें काय होतें, तें कासला जाऊन पाहावें. हें पठार साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें १,२०० मीटर उंचीवर आहे. जांभ्या दगडाच्या सपाटीवर कोठें दोन बोटें, तर कोठें वीतभर माती. पावसाळ्यांत पाणी तुंबून राहावें आणि उन्हाळ्यांत खडक तव्यासारखा तापावा. या मातींत कस इतका थोडा, कीं 'सीतेची आसवें' या गोड नांवाची निळसर जांभळी वनस्पति आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून निर्वाह करते. याच दारिद्र्यामुळें मोठे वृक्ष येथें माजत नाहींत. आणि म्हणूनच तेरडा, सोनकी, गेंद, वायतुरा अशा लहानग्यांना ऊन आणि आकाश मिळतें. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळें जागतिक वारसा म्हणून जाहीर झालीं, त्यांत कासची गणना झाली. कीर्ति पसरली आणि मोटारींच्या रांगा लागल्या. शेवटीं दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घालावी लागली. दोन बोटें मातीवर ६,००० पाय, हें गणित समजण्यास शास्त्रज्ञ असावें लागत नाहीं. त्यांतून छायाचित्रासाठीं फुलांच्या गालिच्यावर आडवे होणारे लोक निराळेच. असा मनुष्य दुष्ट नसतो. त्याला फुलें आवडतात. इतकीं आवडतात, कीं त्यांच्याबरोबर आपण लोकांस दिसावें असें त्याला वाटतें. फूल पाहावयास आलेला गृहस्थ फुलांत आपण कसे दिसतों हें पाहूं लागला, म्हणजे त्या फुलाचें काम संपलें, आणि बहुधा आयुष्यहि संपलें.

यावर पहिला उपाय सुचतो तो कुंपणाचा. माणसें बाहेर ठेवावीं म्हणजे निसर्ग आंत सुखानें नांदेल, अशी ही कल्पना. परंतु निसर्गाच्या घरांत कोण परका आणि कोण घरचा, हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. भरतपूरच्या पाणथळ अरण्यांत १९८२ सालीं गांवच्या म्हशींना मज्जाव करण्यांत आला. त्यावरून दंगा झाला, गोळीबार झाला आणि माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें अनेक वर्षें अभ्यास केला, तेव्हां असें दिसून आलें, कीं म्हशी चरेनाशा झाल्यामुळें गवत माजलें, पाणी झांकलें गेलें, आणि ज्या पक्ष्यांसाठीं हा खटाटोप केला त्या पक्ष्यांचीच अडचण झाली. म्हशी त्या घरच्याच होत्या. आपण त्यांना चोर ठरविलें. कासला घातलेल्या तारेच्या कुंपणावरूनहि याच स्वरूपाचा वाद झाला. पिढ्यान्‌पिढ्या जेथें गुरें चरत आलीं, तेथें गुरांचें तोंड हेंहि पावसासारखें आणि उन्हासारखेंच त्या भूमीचें एक अंग झालेलें असतें. शिवाय न्यायाचा प्रश्न राहतोच. डोंगराच्या पायथ्याशीं जन्मलेल्या गुराख्यानें बाहेर उभें राहावें, आणि तिकीट काढलेल्या शहरवासीयानें आंत जावें, या व्यवस्थेला संरक्षण म्हणावयास आमची जीभ सहजासहजीं वळत नाहीं. कासच्या व्यवस्थेंत आसपासच्या गांवच्या लोकांनाच कामें आणि उत्पन्नाचा वांटा मिळूं लागला, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट होय.

दुसरा उपाय गुप्ततेचा. जाणते लोक अत्यंत दुर्मिळ वनस्पतीचा ठावठिकाणा कोणास सांगत नाहींत. शास्त्रीय निबंधांतहि तो मोघम देतात. हें धोरण आम्हांला पुष्कळ अंशीं पटतें. जुन्नरच्या बाजूस शिवनेरीच्या कड्यांवर आढळणाऱ्या एका मांसल वनस्पतीला डाल्झेल नांवाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञानें मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचें नांव दिलें. लोकांत तिला शिंदळ माकुडी म्हणतात, आणि अलीकडे शिवसुमन असेंहि सुंदर नांव मिळालें आहे. जगांतील अत्यंत धोक्यांत असलेल्या वनस्पतींत तिची गणना झाली, तेव्हां ती कोणत्या कड्यावर आहे हें डांगोरा पिटून सांगणें म्हणजे चोराच्या हातीं किल्ली देणें होय. परंतु गुप्ततेची दुसरी बाजूहि आहे. जें कोणीं पाहिलेंच नाहीं, तें नाहींसें झालें तर हळहळणार कोण? ज्या डोंगराची कोणास ओळख नाहीं, त्याच्या पोटांतून खडी काढतांना हरकत घेणारा कोण निघेल? रानांतल्या वस्तूला दोन शत्रु असतात: पुष्कळ लोकांची नजर हा एक, आणि कोणाचीच नजर नसणें हा दुसरा. पहिला पायांनीं तुडवितो, दुसरा कुदळीनें खणतो. या दोहोंच्या मध्यें वाट काढणें हेंच खरें संकट आहे.

ही वाट कशी असते, याचें प्रात्यक्षिक आम्हांला दोन वर्षांपूर्वीं अंजनेरीवर पाहावयास मिळालें. आमच्या मंडळीला घेऊन जाणारा वाटाड्या तिशींतला तरुण होता. एका गवताळ उतारापाशीं थांबून तो म्हणाला, "येथून चाळीस पावलांवर कंदीलपुष्पें फुललेलीं आहेत. परंतु काल रात्रीं फार पाऊस झाला आहे, माती लिबलिबित आहे, आणि गवतांतलीं कोंवळीं रोपें पायाखालीं दिसणार नाहींत. आज आपण पुढें जाणार नाहीं." मंडळींत एक सेवानिवृत्त अधिकारी होते. ते पहाटे चारला उठून आले होते. ते रागावून म्हणाले, "मग पैसे कशाचे घेतलेत?" तरुण नम्रपणें म्हणाला, "साहेब, पैसे मी वाटेचे घेतले. फुलाचे घेण्याचा मला काय अधिकार?" जवळच काठीवर हनुवटी टेकून एक म्हातारा गुराखी हें सारें ऐकत होता. तो हंसून म्हणाला, "ल्हानपणीं हे कंद आम्ही उकरून खाल्ले, अन् आतां तुमी लोक बघायला बी भ्येता!"

त्या म्हाताऱ्याचें बोलणें आम्ही विनोदांत काढूं शकलों नाहीं. त्याच्या लहानपणीं भूक खरी होती, तोंडें थोडीं होतीं, आणि डोंगर मोठा होता. आज भुकेचा तर प्रश्नच नाहीं; केवळ डोळ्यांच्या हौसेसाठीं आम्ही तेथें गेलेलों. म्हणजे ज्याचा हक्क आमच्याहून थोर, त्यानें केलेली हानि आमच्या हौसेनें होणाऱ्या हानीहून कमी होती. अधिकार गरजेवरून ठरवावयाचा म्हटला, तर आमचा क्रमांक शेवटचा लागतो. पैशावरून ठरवावयाचा म्हटला, तर त्या तरुणाचें उत्तर आडवें येतें. विद्येवरून ठरवावयाचा म्हटला तर? ज्याला फुलाचें शास्त्रीय नांव सांगतां येतें, त्यालाच आंत सोडावें, ही सूचना आमच्यासारख्या पुस्तकी माणसाच्या कानाला गोड लागते. आणि म्हणूनच ती संशयास्पद समजली पाहिजे.

'तुम्हांला आंत येतां येणार नाहीं' हे शब्द उच्चारतांना निदान नाशिककरांच्या जिभेला तरी चटका बसला पाहिजे. १९३० सालच्या २ मार्च रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं येथें काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि देवाचे दरवाजे देवाच्याच लेकरांसाठीं बंद राहिले. दरवाजे लावणाऱ्यांच्याहि तोंडीं पावित्र्याची आणि रक्षणाचीच भाषा होती. मग फुलाच्या रक्षणासाठीं माणसाला अडविणारे आम्ही त्यांच्याहून निराळे कसे? हा प्रश्न टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. आमच्या मतें या दोन मज्जावांतील भेद दोन कसोट्यांनीं कळतो. पहिली कसोटी अशी, कीं जी हानि होईल म्हणून अडवावयाचें, ती खरोखर होते काय? कोणाच्याहि दर्शनानें मूर्तीचा एक कणहि झिजत नव्हता. ती हानि कल्पनेंतली होती. चिखलांत चिरडलेलें रोप मात्र कोणालाहि हातांत घेऊन दाखवितां येतें. दुसरी कसोटी याहून महत्त्वाची: अडविणारा स्वतः अडतो काय? मंदिराचा रखवालदार आंत होता आणि दुसऱ्याला बाहेर ठेवीत होता. अंजनेरीवरचा तो तरुण आमच्याबरोबर बाहेरच थांबला. त्या दिवशीं तोहि पुढें गेला नाहीं.

या दोन कसोट्या हातीं घेतल्या म्हणजे पुष्कळ गोष्टींचा निकाल आपोआप लागतो. प्रवेशमूल्य वाढवून गर्दी कमी करणें हा सोपा मार्ग आहे, परंतु तो श्रीमंताला आंत घेऊन गरिबाला अडवितो. म्हणून तो त्याज्य. संख्येची मर्यादा घालून आधीं येईल त्याला आधीं सोडावें, हें त्याहून बरें; आणि डोंगराखालच्या शाळांतील मुलांसाठीं कांहीं दिवस राखून ठेवावे, हें सर्वांत बरें. ज्या पावसांत सामान्य प्रवाशाला बंदी, त्या पावसांत बड्या अधिकाऱ्याच्या पाहुण्यांना आणि महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनाहि बंदी असली पाहिजे. संग्रहासाठीं वनस्पति उपटून वर्तमानपत्राच्या घडींत दाबून नेणाऱ्या विद्वानानेंहि, हें झाड येथें आणखी किती आहे, असा प्रश्न आधीं स्वतःला विचारला पाहिजे. नियम सर्वांना सारखा असेल, तर त्याची बोचणी अपमानाची राहत नाहीं; ती केवळ गैरसोयीची राहते, आणि गैरसोय सोसणें हें सुशिक्षितपणाचें एक लक्षण आहे.

यावर कोणी म्हणेल, इतके नियम पाळून, चाळीस पावलांवरून परत येऊन, फुलाचें दर्शनच घडलें नाहीं तर यात्रा फुकट गेली. आम्हांला तसें वाटत नाहीं. आपल्याकडे पाहुण्याचा एक धर्म सांगितलेला नसला तरी पाळलेला असतो. पाहुणा यजमानाच्या सवडीनें येतो. ओसरीवर बसतो, माजघरांत डोकावत नाहीं. पुढें आलेलें गोड मानतो, आणि उठतांना घरांतलें कांहीं उचलून नेत नाहीं. ज्या घरीं आपण जेवलों नाहीं, त्या घरींहि आपलें जाणेंयेणें राहतें, स्नेह राहतो. पाहण्याचा अधिकार हा मालकाचा अधिकार नव्हे, पाहुण्याचा अधिकार आहे. आणि पाहुण्याच्या अधिकाराचा मोठा भाग वेळीं थांबण्यांतच असतो. त्या सकाळीं आमच्या मंडळीनें फूल पाहिलें नाहीं हें खरें. परंतु परततांना त्या अधिकारी गृहस्थांनीं, रस्त्याला लागूनच असलेल्या एका क्षुद्र गवतफुलापाशीं वांकून, भिंग लावून, बराच वेळ काढला, हें आम्ही आमच्या डोळ्यांनीं पाहिलें.

कासच्या पठारावर टोपली कारवी नांवाचें एक झुडूप आहे. तें सात वर्षांनीं एकदां सामुदायिक रीतीनें फुलतें, आणि मधलीं वर्षें नुसतें हिरवें राहतें. पन्नाशी उलटलेल्या माणसानें हिशेब केला, तर हा बहर आपल्या वांट्यास आतां दोनदां, फार तर तीनदां येणार, हें त्याच्या ध्यानांत येईल. आणि एखाद्या वर्षीं पाऊस, प्रकृति किंवा संख्येची मर्यादा आडवी आली, तर तेवढाहि येणार नाहीं. या हिशेबानें ज्याला घाई सुटते, त्याला निसर्ग अजून कळला नाहीं असें आम्ही म्हणूं. आपण गेलों नाहीं म्हणून फुलणें थांबत नाहीं. आज दुसरींत शिकणारें एखादें मूल पुढच्या नाहींतर त्याच्या पुढच्या बहराला त्या पठाराच्या कडेला उभें राहील, आणि आपण पाय आवरले असतील तरच त्याला तेथें पाहावयास कांहीं उरेल. तें मूल आपलें नाहीं, त्याचें नांवहि आपल्याला ठाऊक नाहीं. तरीहि त्याच्यासाठीं चाळीस पावलें मागें राहण्याची ज्याची तयारी आहे, त्याला, आमच्या मतें, तें फूल पाहण्याचा अधिकार आहे.